तुमच्या प्रॅक्टिसचा हेतू अपॉइंटमेंटच्या डायरीत कसा उतरवायचा

एक बाई आमच्या फिजिओथेरपीच्या प्रॅक्टिसमध्ये खांद्यासाठी येत होत्या. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून दुखणं. डायबेटिस असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो आणि त्यांनाही डायबेटिस होता. चौदावं सेशन होतं, आमच्या फॉर्मवर दुखणं आठवरून तीनवर आलेलं, हात वर किती अंश जातो तेही वाढलेलं, थेरपिस्ट खूश, मी खूश. रिसेप्शनवर पुढच्या दहा सेशनच्या पॅकेजचं बोलणं चाललेलं आणि मी शेजारीच उभी होते, तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, "ताई, दुखणं कमी आहे हो, पण मला अजून माझे केस मागे बांधता येत नाहीत, रोज सुनेला सांगावं लागतं, ते नको वाटतं." चौदा सेशन झाली होती आणि तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. भिंतीवर आमचं 'पेशंट प्रथम' लावलेलं होतं, मनापासून लावलेलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं.

त्यानंतरची काही वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे. आता फिजिओथेरपी, योग, डाएट, काउन्सेलिंग, डेंटल अशा वेगवेगळ्या प्रॅक्टिस चालवणारे ओळखीचे लोक विचारतात तेव्हा जे सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय. 'परपज-ड्रिव्हन लीडरशिप' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. माझ्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की ही प्रॅक्टिस कशासाठी आहे हे ठरवायचं आणि मग आपला वेळ, पगार, नकार आणि मोजमाप या चारही गोष्टी त्या एका उत्तराशी जुळवत न्यायच्या. ठरवणं एका दुपारचं काम आहे, जुळवायला वर्ष लागतं, आणि बहुतेक जण ती दुपार झाली की थांबतात.

पायरी १: लिहायला बसण्याआधी तीस फाइली वाचा

हेतूचं वाक्य लिहायला बसलं की आधी मोठे मोठे शब्द सुचतात, सर्वांगीण, समग्र, उत्तम दर्जा, आणि हे शब्द कुठल्याही दवाखान्याच्या पाटीवर खपून जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच लिहायचं नाही. गेल्या सहा महिन्यांतल्या तीस फाइली काढा, निवडून नको, दर पाचवी काढा नाहीतर दर दहावी, आणि प्रत्येकीत पेशंट पहिल्या दिवशी स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला होता तेवढंच शोधून वहीत उतरवा. माझ्या तीसपैकी बऱ्याच फाइलींत ते वाक्यच नव्हतं. आम्ही त्याचं आमच्या भाषेत करून टाकलेलं, 'लो बॅक पेन, सहा आठवडे, बसल्यावर वाढतं'. तो माणूस कदाचित म्हणाला असेल की गाडी चालवता येत नाही म्हणून कामावर जाणं बंद झालंय, पण ते कुठे उरलंच नव्हतं.

हे होतं कारण आपण ऐकतच नाही पूर्ण. बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटमधली बोलणी रेकॉर्ड करून अभ्यासली होती, १९८४ साली ते छापून आलं, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्ये तोडत होते. मी पेशंटची परवानगी घेऊन स्वतःची पाच बोलणी रेकॉर्ड केली आणि माझाही आकडा अर्ध्या मिनिटाच्या आतच निघाला. तुम्ही पण एकदा करून बघा, लेख वाचून जे कळत नाही ते स्वतःचा आवाज ऐकला की कळतं.

मग दुसरा भाग, जो सगळे टाळतात. मध्येच यायचं बंद केलेल्या दहा जणांना फोन करायचा, रिसेप्शनवरून नाही, तुम्ही स्वतः. विचारायचं काय, तर आमच्याकडे आलात तेव्हा काय व्हावं असं वाटत होतं, त्यातलं किती झालं, आणि कुठल्या दिवशी वाटलं की आता जायला नको. एवढंच. फोनवर सफाई द्यायची नाही, आमच्याकडे पुन्हा या असंही म्हणायचं नाही, ऐकायचं, लिहायचं, आभार मानायचे. 'पेशंट सिरियस नसतात' हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार सहज वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय की दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत विकसित देशांतसुद्धा साधारण निम्मेच लोक सांगितलेली ट्रीटमेंट नीट पाळतात. म्हणजे जगातली निम्मी माणसं आळशी आहेत असं धरायचं का, का आपल्या पद्धतीत काहीतरी त्यांना जमण्यासारखं नसतं, हा विचार या फोननंतर आपोआप सुरू होतो. माझ्या दहातल्या चार जणांनी जवळजवळ तेच सांगितलं, दर वेळी वेगळा थेरपिस्ट यायचा आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

पायरी २: असं वाक्य, ज्यावर रिसेप्शनिस्टला निर्णय घेता येईल

आता लिहा. वाक्यात कोणासाठी आणि त्यांच्या आयुष्यात काय बदलायचंय हे यायलाच हवं. जमलं तर आपण कुठे थांबणार तेही.

चांगल्या हेतूचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलचं आहे. डॉ. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं आणि हेतू धरला तो टाळता येण्यासारखं अंधत्व संपवायचं. यात 'टाळता येण्यासारखं' या शब्दाने सगळं काम केलंय बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येतं, तरी माणूस आंधळा राहतो, मग का राहतो हा प्रश्न त्या शब्दामुळे टाळताच येत नाही, अंतर लांब आहे म्हणून राहतो का, डोळ्यात बसवायची लेन्स परवडत नाही म्हणून राहतो का. लेन्स महाग आहे हे मग हॉस्पिटलचंच दुखणं झालं आणि १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स स्वतःच बनवायला घेतल्या. 'दर्जेदार नेत्रसेवा' असा हेतू धरला असता तर लेन्सच्या कारखान्यापर्यंत कोणी पोचलंच नसतं असं मला वाटतं.

आमचं वाक्य चार-पाच वेळा बदलून असं झालं: दुखण्यामुळे जे काम सुटलं ते माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं, आणि त्याला आमची गरज लवकरात लवकर संपावी. पहिला अर्धा भाग लिहायला सोपा गेला. दुसऱ्या अर्ध्या भागावर टीममध्ये दोन आठवडे वाद झाला, कारण त्याने उत्पन्नाला हात लागतो. पण खरं सांगते, ज्या भागावर वाद होतो तोच खरा हेतू असतो, बाकीच्यावर सगळे मान डोलावतात आणि विसरतात.

वाक्य झालं की त्याची परीक्षा घ्या. समजा संध्याकाळचा एकच स्लॉट उरलाय आणि दोन फोन आलेत, एक जुने पेशंट ज्यांना आता काही त्रास नाही पण बरं वाटतं म्हणून महिनोन्महिने येतायत, दुसरी नवीन बाई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेत आणि गुडघा वाकत नाहीये. तुम्ही बाहेरगावी आहात, फोन लागत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला तुमचं वाक्य आठवून उत्तर मिळतं का? मिळत असेल तर वाक्य ठेवा. नसेल मिळत तर ते कितीही सुंदर असू दे, परत लिहा.

पायरी ३: काय करणार नाही याची यादी

ही यादी हेतूपेक्षा लवकर लोकांच्या लक्षात येते, म्हणून ती लेखी हवी आणि छोटी हवी. आमच्यात सुरुवातीला तीन गोष्टी होत्या. तपासणी व्हायच्या आधी कोणालाही पॅकेज विकायचं नाही. इतक्या दिवसांत नक्की बरं करू असं कुठेही बोलायचं किंवा छापायचं नाही. आणि आपल्या कक्षेबाहेरचं लक्षण दिसलं की सेशन थांबवून त्याच दिवशी रेफर करायचं.

तिसऱ्यावर जरा थांबते, कारण वेलनेसच्या जगात इथेच माणसांचं खरं नुकसान होतं. कंबरदुखीचंच घ्या, बहुतेक कंबरदुखी गंभीर नसते आणि हळूहळू सुधारते, पण त्याच्या जोडीला लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर ती इमर्जन्सी आहे, तासांचा प्रश्न असतो. विनाकारण वजन कमी होतंय, ताप येतोय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, यातलं काही असेल तर मसाजच्या टेबलावर झोपवायच्या आधी डॉक्टरकडे पाठवायलाच हवं. काउन्सेलिंगवाल्यांकडे कोणी जीव द्यायचं बोललं तर, डाएटवाल्यांकडे कोणी खाणंच सोडलंय असं दिसलं तर, तुमच्या तुमच्या क्षेत्राची ही लक्षणं एका पानावर लिहून काढा आणि प्रत्येक टेबलापाशी ठेवा, सोबत कोणाकडे पाठवायचं त्यांचे नंबर. आमच्याकडे रेफर केलेला पेशंट डायरीत हिरव्या पेनने लिहितो, कॅन्सल झालेल्यांत नाही. नव्या थेरपिस्टला यातून पहिल्याच आठवड्यात कळतं की पेशंट 'गेला' म्हणून इथे कोणी रागावणार नाही.

पायरी ४: पैसा, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर घालवला आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच केल्या.

आमच्याकडे थेरपिस्टना पगार कमी आणि प्रत्येक सेशनवर कमिशन अशी पद्धत होती, खूप ठिकाणी असते. आता विचार करा, सोमवारी मी मीटिंगमध्ये सांगणार की पेशंटला आपली गरज लवकर संपली पाहिजे आणि महिनाअखेरीस ज्याने पेशंट जास्त दिवस धरून ठेवला त्याला जास्त पैसे देणार. माणूस लबाड असतो म्हणून नाही, पण दोन ठिकाणांहून दोन वेगळ्या गोष्टी ऐकू आल्या की तो पैशाचंच ऐकतो, त्यालाही घर आहे. आपण मग म्हणतो की टीमला हेतूच कळत नाही. त्यांना बरोबर कळलेला असतो, पगाराच्या स्लिपवर लिहिलेला.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर पगारावर असतात, किती टेस्ट लिहिल्या किंवा किती ऑपरेशनं केली यावर त्यांची कमाई ठरत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेची तुलना चार खोल्यांच्या प्रॅक्टिसशी नको करायला, पण तत्त्व तेच लागू होतं, जो माणूस ठरवतो की अजून किती ट्रीटमेंट हवी त्याचा खिसा त्या निर्णयाला बांधलेला नसावा.

मी पहिल्यांदा काय केलं, तर एका महिन्यात कमिशन बंद करून टाकलं. दोन जण सोडून गेले आणि त्यांची चूक नव्हती, मी त्यांना हिशोब न दाखवता निर्णय सांगितला होता. दुसऱ्यांदा असं केलं आणि ते टिकलं: गेल्या बारा महिन्यांत प्रत्येकाच्या हातात सरासरी किती पडले ते काढलं, तेवढा किंवा त्याच्या जवळपासचा फिक्स पगार ठरवला, कमिशन तीन टप्प्यांत तीन-तीन महिन्यांच्या अंतराने कमी केलं, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी सगळ्यांसमोर आकडे ठेवले, प्रॅक्टिसचे सुद्धा, भाडं किती जातं, मशीनचा हप्ता किती, उरतं किती. हे करायच्या आधी निदान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला असू द्या. नसेल तर आधी ती जमवा आणि ही पायरी सहा महिने पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

पेशंट लवकर मोकळे झाले तर स्लॉट रिकामे पडणार ही भीती खरी आहे. आमचे पडले. जवळजवळ चार महिने दुपारच्या वेळा ओस होत्या आणि मला रात्री झोप लागायची नाही. मग हळूहळू नवीन लोक यायला लागले, आणि प्रत्येक नवीन पेशंटला आम्ही विचारतो की कोणी सांगितलं, तर वहीत बरे होऊन गेलेल्यांची नावं दिसायला लागली. तुमच्याकडे असंच आणि इतक्याच दिवसांत होईल असं मी म्हणणार नाही, म्हणूनच ती तीन महिन्यांची रक्कम.

पायरी ५: डायरी उघडा

आता अपॉइंटमेंटची डायरी, कागदाची असो की सॉफ्टवेअरमधली. पुढच्या आठवड्याचं पान उघडा आणि ही प्रॅक्टिस कशासाठी आहे हे फक्त त्या पानावरून कोणा परक्या माणसाला ओळखता येईल का ते बघा. आमच्या पानावर सगळे चौकोन एकसारखे होते, तीस-तीस मिनिटांचे, पहिल्यांदा येणारा असो की विसाव्यांदा. त्यावरून एकच ओळखता आलं असतं, की इथे माणसं भराभर बसवतात.

आम्ही केलेले बदल सांगते. पहिली भेट एक तासाची. तिची सुरुवात एका प्रश्नाने, 'यामुळे तुमचं काय अडलंय?', आणि पेशंट आपणहून थांबेपर्यंत पेन खाली. भीती वाटते की माणूस अर्धा तास बोलत बसेल, पण आमच्या अनुभवात बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत थांबतात. प्रत्येक पेशंटचा एक ठरलेला थेरपिस्ट, तो सुट्टीवर असेल तर पेशंटला आधी फोन. आणि पहिल्याच भेटीत साधारण किती सेशन लागतील आणि काय करता आलं की थांबायचं हे त्याच्या कार्डावर लिहून द्यायचं.

शेवटची पाच मिनिटं उलट सांगून घ्यायला. म्हणजे 'समजलं ना?' असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. 'घरी जाऊन घरच्यांना काय सांगाल, आज काय ठरलं?' असं विचारायचं आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं. याला टीच-बॅक म्हणतात, एक मिनिट लागतं, आणि चुकलं तर 'माझं सांगायचं राहिलं' असं म्हणून आपण पुन्हा सांगायचं. एका आजोबांनी व्यायाम दिवसातून दोनदा ऐवजी दोन तास असं समजून घेतलं होतं, ते आम्हाला टीच-बॅकमुळेच कळलं.

डायरीत टीमसाठीही जागा हवी. २००९ मध्ये डॉक्टरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात स्वतःला सगळ्यात अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला निदान २० टक्के वेळ देऊ शकणाऱ्यांमध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने पार जळून, थकून जाणं, बराच कमी आढळला. वीस टक्के म्हणजे पाच दिवसांत एक दिवस. आम्हाला एवढं परवडत नाही, अर्धा दिवस देतो, एक जण तेव्हा लहान मुलांच्या केसेस घेतो, एक जण पेशंटसाठी व्यायामाचे व्हिडिओ बनवते.

पायरी ६: टीमला बोलतं करणं

रोज सकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या. आज कोण येणार, कोणाची काळजी वाटतेय, काल काय चुकलं. बस. रिसेप्शन आणि सफाईवाल्या मावशी धरून सगळे.

मावशींना का, असं मला सुरुवातीला एका सीनियर थेरपिस्टने विचारलं होतं. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांवर काम केलंय, २००१ साली ते प्रसिद्ध झालं, एकच काम करणाऱ्या काही जणी स्वतःला फक्त साफसफाई करणारी समजत होत्या आणि काही जणी पेशंट बरा होण्यातला भाग समजत होत्या, आणि दुसऱ्या गटातल्या बायका कोणी न सांगता पेशंटशी बोलायच्या, त्यांच्याकडे लक्ष ठेवायच्या. आमच्या मावशींनीच एकदा सकाळी सांगितलं की ते गुडघ्याचे काका आत सरळ चालतात पण बाहेर चपला घालताना भिंतीला धरतात आणि डावा पाय टेकवतच नाहीत. तपासणीच्या खोलीत हे कोणालाच दिसलं नव्हतं, कारण तिथे काका अनवाणी असायचे आणि आपण बरे झालोय हे दाखवायच्या प्रयत्नात असायचे. त्याच दिवशी त्यांच्या पायाच्या घोट्याकडे बघितलं गेलं.

चूक सांगायची सोय हा लीडरचा सगळ्यात मोठा कस आहे. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलच्या टीम्समध्ये औषधांच्या चुका अभ्यासल्या तेव्हा चांगल्या टीम्समध्येच चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, कारण तिथे लोक न घाबरता सांगत होते. तेव्हा तुमच्या चुकांच्या वहीत तीन महिन्यांत एकही नोंद नसेल तर खूश होऊ नका. पहिली नोंद स्वतःची करा, नावासकट. आमच्या वहीतली पहिली नोंद माझी आहे, हीट पॅक किती गरम आहे ते न बघता लावला, त्वचा लाल झाली, पेशंटला डायबेटिसमुळे पायाला कमी जाणवत होतं आणि मी फाइल वाचली नव्हती.

शिवाय कोणालाही सेशन थांबवता यायला हवं. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलने २००२ मध्ये टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत उचलली, पेशंटला धोका दिसला की कोणताही कर्मचारी काम थांबवू शकतो. आमच्याकडे यासाठी एकच शब्द ठरलाय, 'थांबू या', तो कोणी म्हणाला की सीनियर असो की मी, हात बाजूला. वाद नंतर, पेशंट गेल्यावर.

जाता जाता भाषेचं एक सांगते. ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये हॉस्पिटलच्या हात धुण्याच्या जागी दोन पाट्या लावून बघितल्या, एकीवर हात धुतले की तुम्हाला आजार होत नाहीत, दुसरीवर हात धुतले की पेशंटना आजार होत नाहीत. पेशंटवाल्या पाटीने साबण-जेल जास्त वापरलं गेलं, स्वतःवाल्या पाटीने फरक पडला नाही. आपल्या क्षेत्रातली माणसं मुळात दुसऱ्यासाठी आलेली असतात. सूचना देताना 'नोट्स वेळेवर लिहा, नाहीतर बोलणी बसतील' याऐवजी 'नोट्स नसल्या तर उद्या त्या आजींना सगळं पुन्हा सांगावं लागतं' एवढं म्हणून बघा.

पायरी ७: मोजायचं काय

थोडंच मोजा. आम्ही पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल वापरतो, १९९५ पासूनचं आहे, फार साधं. पेशंट स्वतः तीन-चार कामं सांगतो जी अडलीयेत, प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क देतो, शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. सरासरी साधारण दोनने वाढली तर बदल खरा धरतात. त्या केस बांधणाऱ्या बाईंच्या कार्डावर नंतर 'केस मागे बांधणं: १' असं लिहिलं गेलं, त्यांच्याच अक्षरात.

त्याच्या जोडीला मध्येच सोडून गेलेले किती आणि ठरलेल्या सेशनमध्ये मोकळे झालेले किती हे महिन्याला एकदा. उत्पन्न अर्थातच बघायचं, पण ते या आकड्यांच्या खाली, त्याच कागदावर, सगळ्यांना दिसेल असं. आणि हे आकडे कोणाच्याही पगाराला जोडू नका, जोडले की लोक आकडा सुधारतात आणि पेशंट तिथेच राहतो.

पायरी ८: स्वतःकडे

बर्नआउट हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडला तो न्यूयॉर्कच्या एका मोफत क्लिनिकमध्ये तळमळीने काम करणाऱ्यांना बघून. तळमळीने काम करणाऱ्यांना, हे लक्षात घ्या. हेतू जितका जवळचा तितका माणूस जळायचा धोका जास्त. त्यामुळे 'आपण सेवा करतो' हे वाक्य ओव्हरटाइम मागताना कधीही वापरायचं नाही, हे मी स्वतःला लावून घेतलेलं बंधन आहे, कारण मी ते वापरलेलं आहे आणि एका चांगल्या मुलीने त्यापायी हे क्षेत्रच सोडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही, जी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउट हा आजार म्हणून नाही तर कामाशी संबंधित प्रकार म्हणून नोंदलाय, म्हणजे इलाज बराचसा कामातच करावा लागतो.

खुणा ओळखायला सोप्या आहेत, सकाळीच थकवा, पेशंटला नावाऐवजी 'तो दोन नंबरचा गुडघा' म्हणणं, आणि माझ्या कामाने काय फरक पडतोय असं वाटणं. यातली मधली खूण दिसली की मी त्या थेरपिस्टचे दोन स्लॉट त्याच आठवड्यात रिकामे करते. स्वतःच्या बाबतीत मात्र ही खूण आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून टीममधल्या एकीला सांगून ठेवलंय की मी असं बोलले तर तिथेच सांग. तिने दोनदा सांगितलंय.

वेळापत्रक विचाराल तर पहिले दोन आठवडे फाइली आणि फोन, पुढचे दोन वाक्य आणि नकाराची यादी, दुसऱ्या महिन्यात डायरी आणि सकाळची दहा मिनिटं, तिसऱ्यापासून मोजमाप. पगाराचं त्यानंतर. आणि नकाराची यादी दर सहा महिन्यांनी टीमसोबत पुन्हा वाचायची, कारण ती पण चुकू शकते. मध्यंतरी आम्ही त्यात 'घरी जाऊन ट्रीटमेंट देणार नाही' असं चौथं लिहिलं होतं, वेळ फार जातो म्हणून. मग स्ट्रोक झालेल्या एका काकांच्या मुलाचा फोन आला, त्यांना दोन जिने उतरवायला तीन माणसं लागायची. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी बघितली, मग कार्डावर लिहिलेलं आमचं हेतूचं वाक्य बघितलं आणि मला न विचारता त्यांना घरच्या भेटीची वेळ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि आम्ही चौथ्या मुद्द्यावर काट मारली. आता गुरुवारची दुपार त्या भेटींसाठी डायरीत बंद असते.